‘उघडणे’ म्हणजे काय? संगणकावरील फाइल आणि वापरणाऱ्याची अपेक्षा

(शासकीय कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कचेरीत आलेले टपाल उघडणे ही अगदी साधी क्रिया होय. लिफाफा फोडला, कागद बाहेर काढला, वाचला आणि नस्तीत लावला, की मूळ कागद होता तसाच राहतो. वाचल्यामुळे त्यातील एखादा आकडा गळून पडत नाही किंवा वाचणाऱ्याच्या हातून नकळत एखादा हुकूम सुटत नाही. पाहणे वेगळे आणि करणे वेगळे, हा भेद कागदाच्या व्यवहारात इतका अंगवळणी पडलेला आहे की, त्याचा स्वतंत्र विचार करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही.

संगणकासमोर बसणारा माणूस हीच समजूत बरोबर घेऊन येतो. पडद्यावर फाइलचे छोटे चित्र दिसते, तो त्यावर माउसने दोनदा क्लिक करतो आणि फाइल उघडते. त्याच्या लेखी त्याने फक्त कागद पाहिला. परंतु त्या अर्ध्या क्षणात यंत्राने त्याच्या वतीने तीन निर्णय घेतलेले असतात. ही वस्तू कोणत्या प्रकारची आहे, हा पहिला. ती कोणत्या प्रोग्रामच्या स्वाधीन करावयाची, हा दुसरा. आणि ती नुसती दाखवावयाची की तिच्यातील आज्ञा अमलात आणावयाच्या, हा तिसरा. वापरणाऱ्याने काही सांगितले नाही तर यंत्राने जे गृहीत धरावयाचे, त्याला संगणकाच्या व्यवहारात ‘डिफॉल्ट’ म्हणतात. आज लाभार्थ्यांच्या याद्या, शाळेचे हजेरीपट, जमिनीचे उतारे असे सर्व काही फाइलच्या रूपाने फिरत असता, हा डिफॉल्ट कोणी ठरविला व तो काय करतो, हे जाणून घेणे प्रत्येक कार्यालयाच्या हिताचे आहे.

दोनदा क्लिक करण्याची रीत

पडद्यावर जणू लिहिण्याचे टेबल मांडून त्यावर कागदपत्रांची चित्रे ठेवण्याची कल्पना अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये ‘स्टार’ या संगणकाच्या रूपाने बाजारात आणली. कचेरीतील माणसाला यंत्राची भाषा शिकावी लागू नये, हा त्यामागील हेतू होता. स्टारच्या कळफलकावर ‘उघडा’ या अर्थाची एक स्वतंत्र कळ होती. माउसने चित्र निवडावयाचे आणि मग ती कळ दाबावयाची. क्रियेचे नाव कळीवर लिहिलेले होते.

ॲपल कंपनीच्या १९८३ मधील लिसा व १९८४ मधील मॅकिंटॉश या संगणकांच्या माउसला एकच बटण होते. त्या एका बटणाने निवडणे आणि उघडणे ही दोन्ही कामे करावयाची असल्यामुळे एकदा क्लिक केल्यास निवड आणि लागोपाठ दोनदा केल्यास उघडणे, अशी रीत पडली. पुढे विंडोजनेही तीच स्वीकारली आणि १९९५ च्या विंडोज ९५ बरोबर ती जगभरच्या कचेऱ्यांत पोचली. सोय झाली खरी. परंतु कळीवर लिहिलेले क्रियापद मात्र नाहीसे झाले. बोटाची हालचाल तेवढी उरली आणि तिचा अर्थ काय, हे समोरच्या फाइलच्या प्रकारावर अवलंबून राहू लागले.

बारनिशीच्या तीन पद्धती

संगणकातील फायली दाखविणारा व उघडून देणारा जो प्रोग्राम असतो, त्याला फाइल मॅनेजर म्हणतात. विंडोजमध्ये त्याचे नाव फाइल एक्सप्लोरर व मॅकिंटॉशमध्ये फाइंडर असे आहे. त्याचे काम कचेरीतील बारनिशीच्या कारकुनासारखे असते. टपाल आले, की ते कोणत्या कार्यासनाकडे पाठवावयाचे हे त्याने ठरवावयाचे. हे ठरविण्याच्या तीन पद्धती प्रचारात आल्या.

पहिली पद्धत म्हणजे लिफाफ्यावरील शेरा वाचणे. सत्तरच्या दशकातील सीपी/एम आणि १९८१ मधील एमएस-डॉस या प्रणालींत फाइलचे नाव आठ अक्षरांचे, मग एक टिंब आणि त्यापुढे तीन अक्षरांचे शेपूट, असा नियम होता. या शेपटाला एक्स्टेन्शन म्हणतात. विंडोजने हाच वारसा पुढे चालविला. शेपूट ‘पीडीएफ’ असेल तर एका प्रोग्रामकडे, ‘टीएक्सटी’ असेल तर दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी होय.

दुसरी पद्धत स्वतंत्र नोंदवहीची. मॅकिंटॉशमध्ये प्रत्येक फाइलबरोबर चार-चार अक्षरांच्या दोन नोंदी ठेवलेल्या असत. फाइल कोणत्या प्रकारची, ही एक. आणि ती कोणत्या प्रोग्रामने तयार केली, ही दुसरी. त्यामुळे एकाच प्रकारचे दोन कागद आपापल्या मूळ प्रोग्राममध्ये उघडत. ज्या कार्यासनाने पत्र लिहिले, त्याच्याकडेच ते परत जावे, अशी ही व्यवस्था होती. २००९ मध्ये ॲपलने आपल्या नव्या आवृत्तीत निर्मात्याची ही नोंद विचारात घेणे बंद केले, तेव्हा वर्षानुवर्षे तिच्यावर विसंबून असलेल्या जुन्या वापरकर्त्यांनी नाराजी व्यक्त केली.

तिसरी पद्धत म्हणजे लिफाफा किंचित उघडून आतील मजकुराचा आरंभ पाहणे. युनिक्स प्रणालीत ‘फाइल’ नावाची आज्ञा १९७३ पासून हे काम करीत आली आहे. पीडीएफ फाइलच्या प्रारंभी तिचे नाव लिहिलेले असते. झिप फाइलचा प्रारंभ तिचा कर्ता फिल कॅट्झ याच्या आद्याक्षरांनी होतो. लिनक्सवरील फाइल मॅनेजर बहुधा शेपूट आणि मजकूर या दोहोंचा आधार घेतात.

या तिन्ही पद्धतींत गुण आहेत आणि दोषही आहेत. बाहेरचा शेरा वाचणे सर्वांत सोपे. परंतु शेरा कोणीही, काहीही लिहू शकतो, ही त्यातील मेख आहे.

पाहणे की करणे?

विंडोज ९५ पासून मायक्रोसॉफ्टने ओळखीच्या प्रकारांची शेपटे मूळ मांडणीत लपविली. नवख्या माणसाला टिंबापुढची अक्षरे अनावश्यक वाटतात आणि नाव बदलताना ती चुकून पुसली गेली तर फाइल उघडेनाशी होते, हे कारण समजण्याजोगे होते. परंतु प्रोग्राम निवडण्याचा संपूर्ण आधार ज्या शेऱ्यावर, तोच शेरा माणसाच्या दृष्टीआड गेला.

याचा परिणाम मे २००० मध्ये साऱ्या जगाने अनुभवला. फिलिपाइन्समधून एक ई-मेल निघाली. तिच्याबरोबरच्या जोडपत्राचे नाव प्रेमपत्रासारखे होते आणि त्याच्या अखेरीस ‘टीएक्सटी’ असे साध्या मजकुराचे शेपूट दिसत होते. खरे शेपूट त्यापुढे होते, ‘व्हीबीएस’ असे, आणि तेच लपविले जात होते. ही फाइल पत्र नसून आज्ञांची यादी होती. अशा फाइलच्या बाबतीत दोनदा क्लिक करण्याचा अर्थ ‘दाखवा’ असा ठरविलेला नव्हता. तो ‘अमलात आणा’ असा होता. ज्यांनी कुतूहलाने ते पत्र वाचावयास घेतले, त्यांच्या संगणकावरील छायाचित्रांच्या फायलींवर त्या आज्ञावलीने स्वतःची प्रत लिहिली आणि त्यांच्या पत्त्यांच्या वहीतील सर्वांना तेच पत्र पाठविले. लक्षावधी संगणक या तडाख्यात सापडले आणि ब्रिटनच्या पार्लमेंटलाही आपली ई-मेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली.

त्या प्रसंगी दोष वाचणाऱ्यांच्या अज्ञानाला देण्यात आला. वास्तविक त्यांनी जे केले ते सुज्ञ माणूसही करील. आलेले पत्र त्यांनी उघडून पाहिले. विशेष म्हणजे उजव्या क्लिकच्या यादीतून संपादनाचा पर्याय निवडला असता, तर तीच फाइल निरुपद्रवी मजकूर म्हणून पडद्यावर दिसली असती. दोन्ही मार्ग उपलब्ध होते. डिफॉल्ट म्हणून त्यांतला धोक्याचा मार्ग ठेवण्यात आला होता.

पुढील काळात ही वृत्ती हळूहळू बदलली. २००४ पासून विंडोज इंटरनेटवरून आलेल्या फायलींवर तशी खूण करू लागले आणि त्या उघडताना इशारा देऊ लागले. २०१० च्या ऑफिसमध्ये बाहेरून आलेले दस्तऐवज प्रथम केवळ वाचण्यापुरते उघडण्याची सोय आली. २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो, म्हणजे दस्तऐवजात दडलेल्या आज्ञा, मुळातच रोखण्यास प्रारंभ झाला. या सर्वांचे सूत्र एकच आहे. उघडणे म्हणजे पाहणे, ही सामान्य माणसाची समजूत यंत्राने पाळावी. मात्र शेपूट लपविण्याची मूळ मांडणी विंडोजमध्ये आजही कायम आहे, हे विसरून चालणार नाही.

यादी उघडली आणि शून्य गेले

वरील प्रसंगात कोणाचा तरी दुष्ट हेतू होता. परंतु कोणाचाही वाईट हेतू नसताना केवळ उघडल्यामुळे नुकसान होण्याचे प्रकार कार्यालयांत अधिक घडू शकतात. त्यांपैकी सीएसव्ही फाइलचा प्रकार पंचायत आणि शाळा या दोघांच्याही दृष्टीने महत्त्वाचा आहे.

अनेक संकेतस्थळांवरून याद्या सीएसव्ही स्वरूपात मिळतात. हा साधा मजकूर असतो. स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेले असतात. कोणता रकाना आकड्यांचा, कोणता नावाचा, कोणता तारखेचा, याची नोंद त्यात नसते. एक्सेल असलेल्या संगणकावर अशी फाइल बहुधा एक्सेलकडे जाते आणि रकान्यांचे स्वरूप एक्सेल स्वतःच्या अंदाजाने ठरविते. समजा, एखाद्या लाभार्थ्याचा बँक खाते क्रमांक शून्याने सुरू होतो. एक्सेल त्याला संख्या समजते आणि संख्येच्या डावीकडील शून्याला अर्थ नसल्यामुळे ते काढून टाकते. बारा अंकी आधार क्रमांक शास्त्रज्ञांच्या घातांकी पद्धतीने आखडून दाखविला जातो. आणि फाइल त्याच अवस्थेत पुन्हा सीएसव्ही म्हणून जतन केली, तर दिसत असलेला आखूड आकडा तेवढा उरतो, मूळचे अंक कायमचे जातात. एक्सेल संख्येचे पंधराच अंक नेमके सांभाळते. त्यामुळे सोळा अंकी क्रमांकाच्या अखेरचा अंक शून्य होतो.

जमिनीच्या बाबतीतही हाच धोका आहे. सर्व्हे क्रमांक बारा, हिस्सा तीन, हे इंग्रजी अंकांत मधे तिरकी रेघ देऊन लिहिले, की एक्सेलला ती तारीख वाटते आणि भारतीय मांडणीच्या संगणकावर त्या जागी बारा मार्च येते. मराठी नावांचीही गत वेगळी नाही. युनिकोडमधील मराठी यादीच्या प्रारंभी लिपीची खूण नसेल, तर दोनदा क्लिक करून उघडताच नावांच्या जागी अर्थहीन परकी चिन्हांची रांग दिसू शकते. आणि चांगली दिसणारी मराठी यादी जुन्या, साध्या सीएसव्ही प्रकारात जतन केली, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात.

हा प्रश्न केवळ ग्रामीण कार्यालयांचा आहे, असे कोणी समजू नये. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे इंग्रजी मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांच्या नावांसारखी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी आणि शास्त्रीय निबंधांच्या कोष्टकांत त्या तशाच छापल्या जात. अखेर जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये ती नावेच बदलली. यंत्राच्या गृहीतापुढे शास्त्रज्ञांना आपली परिभाषा वाकवावी लागली, ही घटना विचार करावयास लावणारी आहे. त्यानंतर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही आपोआप होणारी रूपांतरे बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये दिली.

लिब्रे ऑफिस या मोफत प्रोग्राममध्ये सीएसव्ही फाइल उघडताना प्रथम एक चौकट येते आणि लिपी कोणती, रकाने कसे वेगळे केले आहेत, कोणत्या रकान्याला मजकूर समजावयाचे, हे विचारले जाते. घाईच्या वेळी ही चौकट त्रासदायक वाटते. पण ज्या यादीवर एखाद्या विधवेचे किंवा विद्यार्थ्याचे अनुदान अवलंबून आहे, तिच्या बाबतीत क्षणभर थांबून विचारणे हीच खरी सेवा होय. शून्य गेलेल्या खात्यात पैसे जमा होत नाहीत; आणि आपले पैसे का अडले, याचा उलगडा त्या लाभार्थ्याला कधीच होत नाही.

सवय हाही एक करार

डिफॉल्ट कसा असावा, याचा विचार करताना माणसांच्या सवयीलाही मान द्यावा लागतो. जर्मनीत १९९६ मध्ये सुरू झालेल्या केडीई या लिनक्सवरील प्रकल्पात एकाच क्लिकने फाइल उघडण्याची रीत दीर्घकाळ होती. संकेतस्थळावरील दुव्याला एकच क्लिक पुरते, मग फाइललाच दोन कशाला, हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. तथापि इतर प्रणालींतून येणारा माणूस निवडण्यासाठी एक क्लिक करी आणि फाइल उघडून बसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या केडीईच्या सहाव्या प्लाझ्मा आवृत्तीत दोन क्लिकची रीत डिफॉल्ट करण्यात आली. ज्यांना एक क्लिक हवा, त्यांच्यासाठी तो पर्याय ठेवण्यात आला.

ग्नोम या दुसऱ्या प्रकल्पाने २००४ मध्ये प्रत्येक फोल्डर स्वतंत्र विंडोत उघडण्याचे ठरविले. प्रत्येक फोल्डर टेबलावरील वस्तूप्रमाणे आपल्या ठरावीक जागी राहावे, हे त्यामागील तत्त्व होते. परंतु फोल्डरमध्ये फोल्डर असे पाच-सहा पायऱ्या उतरणाऱ्याचा पडदा विंडोंनी भरून जाऊ लागला. लोकांची नाराजी राहिली आणि २०१० मध्ये एकाच विंडोत पुढे जाण्याची रीत पुन्हा डिफॉल्ट झाली. तत्त्व कितीही सुसंगत असले तरी ते वापरणाऱ्यांच्या कामाशी जुळले पाहिजे, हाच या दोन्ही उदाहरणांचा बोध होय.

निवड कोणाची?

यातून आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. अमुक प्रकारची फाइल अमुक प्रोग्रामकडे जावी, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? पूर्वी नवा प्रोग्राम बसविला, की तो परस्पर सर्व फायलींवर आपला हक्क सांगे. २०१२ च्या विंडोज ८ पासून ही मुभा काढून घेण्यात आली व निवड वापरणाऱ्याच्या हाती ठेवण्याचे धोरण आले. तथापि २०२१ च्या विंडोज ११ मध्ये ब्राउझर बदलण्यासाठी प्रत्येक प्रकाराची निवड वेगवेगळी करावी लागे. त्यावर टीका झाली, तेव्हा २०२२ मध्ये त्यासाठी एक बटण देण्यात आले. अधिकार कागदावर देऊन तो बजावण्याची वाट बिकट ठेवली, तर त्या अधिकाराला फारसा अर्थ राहत नाही, हे प्रशासनातील जाणत्यांना वेगळे सांगावयास नको.

महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उतारा पीडीएफ स्वरूपात मिळतो. पुष्कळ संगणकांवर पीडीएफ फायली डिफॉल्टने ब्राउझरमध्ये उघडतात. बहुतेक ब्राउझर स्वाक्षरीची जागा चित्रासारखी दाखवितात. ती स्वाक्षरी खरी आहे किंवा नाही आणि नंतर मजकुरात फेरफार झाला आहे किंवा काय, याची पडताळणी ते करीत नाहीत. त्यासाठी तशी सोय असलेल्या पीडीएफ-वाचक प्रोग्राममध्ये तीच फाइल उघडावी लागते. उतारा पडद्यावर दिसला म्हणजे तो तपासला गेला, असा समज होणे स्वाभाविक आहे आणि म्हणूनच धोक्याचे आहे.

कार्यालयांनी काय करावे?

या सर्व विवेचनातून काही साध्या गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्रत्येक कार्यालयीन संगणकावर फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ यादीतून नावांची शेपटे दिसतील अशी व्यवस्था करावी. दोन शेपटे असलेल्या जोडपत्राला पाठविणाऱ्याकडे खात्री केल्याशिवाय हात लावू नये. दुसरी, सीएसव्ही यादी दोनदा क्लिक करून उघडू नये. एक्सेलमधील ‘डेटा’ या भागातून ती आत घ्यावी आणि खाते क्रमांक, आधार क्रमांक व सर्व्हे क्रमांक यांचे रकाने मजकूर म्हणून ठरवावेत. तिसरी, आलेल्या यादीची मूळ प्रत वेगळी ठेवावी आणि काम नेहमी दुसऱ्या प्रतीवर करावे. मराठी यादी सीएसव्हीमध्ये जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा. चौथी, स्वाक्षरी असलेले दस्तऐवज उजव्या क्लिकमधील ‘ओपन विथ’ या पर्यायाने पडताळणी करणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडावेत. शाळांतील शिक्षकांनी संगणकाच्या पहिल्याच पाठात ‘दोनदा क्लिक करा’ असे सांगताना, त्या क्लिकने यंत्र काय ठरविते, हेही मुलांना सांगावे.

या उपायांना पैसा लागत नाही. थोडे लक्ष आणि चार दिवसांची सवय पुरेशी आहे. प्रोग्राम तयार करणाऱ्यांनी सामान्य माणसाची अपेक्षा ओळखून डिफॉल्ट ठरवावेत, ही मागणी रास्तच आहे आणि गेल्या काही वर्षांत त्या दिशेने पावलेही पडली आहेत. पण तोवर यादीतील प्रत्येक शून्य जपण्याची जबाबदारी, ती यादी उघडणाऱ्याची आहे. त्या शून्यामागे गावातील कोणी तरी आपल्या खात्यात पैसे कधी येतील, याची वाट पाहत असते.